गच्चीवरचे ऊन, तलावातले पाणी

दिवाळीचा फराळ संपत येतो आणि माझ्या दवाखान्यात दरवर्षीचा एक प्रश्न हजर होतो. विचारणारे बहुधा साठीच्या पुढचे असतात. "डॉक्टर, सोसायटीने तलाव बंद करायचे ठरवले आहे. आता फेब्रुवारीपर्यंत मी काय करू?" प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. मात्र विचारणाऱ्याचे दोन्ही गुडघे झिजलेले असतात, वजन थोडे जास्त असते, मधुमेह आटोक्यात असला तरी काठावरचा असतो. रस्त्याने अर्धा तास चालणे त्यांना झेपत नाही. पाण्यात मात्र ते पाऊण तास आनंदाने हातपाय हलवतात, कारण कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले, की गुडघ्यांवरचा भार जवळजवळ निम्मा होतो आणि छातीपर्यंत पाणी असेल तर त्याहूनही कमी. अशा माणसाला "व्यायाम करा" असे सांगणे सोपे असते. तो कुठे करायचा, हे सांगणे अवघड.

मग चार महिने खंड पडतो. जानेवारीच्या अखेरीस तपासणीला आलेल्या या मंडळींची तीन महिन्यांची सरासरी साखर वाढलेली असते आणि दोष चकल्या-अनारशांवर टाकला जातो. फराळ निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. पण फराळ आठ-दहा दिवसांचा असतो, बंद तलाव शंभर-सव्वाशे दिवसांचा. आणि साठीनंतर सुटलेली सवय पुन्हा लागायला फार दिवस जातात. कित्येकांची तर ती लागतच नाही.

तेव्हा वाचकहो, या वेळी औषधांविषयी न लिहिता तलावाच्या पाण्याविषयी लिहीत आहे. हे पाणी शरदात आणि हेमंतात पोहण्याजोगे उबदार ठेवता येते का? ठेवता येते, आणि पुणे-नाशिकसारख्या ठिकाणी त्यासाठी लागणारे इंधन गच्चीवर फुकट पडलेले असते. मात्र त्यासोबत काही पथ्ये येतात. ती पाळायची तयारी नसेल, तर तलाव थंडच राहिलेला बरा.

आधी हे पाणी इतके गार का होते, ते पाहू. नोव्हेंबरात पुण्यात दुपारी तापमान 30 अंशांच्या आसपास असते आणि पहाटे ते 15 पर्यंत उतरते. आकाश निरभ्र असते, हवा कोरडी झालेली असते. ज्यांचे बालपण गावाकडे गेले, त्यांना आठवत असेल, की पौषातल्या पहाटेही विहिरीच्या पाण्यावर वाफ दिसे आणि त्यात उडी मारली, की अंगाला ऊब वाटे. भूजलाचे तापमान त्या प्रदेशाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिर राहते. विहिरीला जमिनीची दुलई असते. आपला सोसायटीचा तलाव जेमतेम चार फूट खोल, ऐसपैस पसरलेला आणि आकाशाकडे तोंड उघडून पडलेला. तो दिवसा जे कमावतो ते रात्री उधळतो. आणि नोव्हेंबर सरता सरता रात्री मोठ्या होत जातात.

या गार पाण्याचे शरीरावर काय परिणाम होतात? 22 अंशांच्या हवेत आपण सुखाने सदऱ्यावर बसतो, पण 22 अंशांच्या पाण्यात दहा मिनिटांत दात वाजू लागतात. कारण पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट उष्णतावाहक आहे. ते अंगातली ऊब भराभर ओढून घेते. शरीर ती ऊब वाचवण्यासाठी त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आवळते. रक्त आतल्या अवयवांकडे वळते, रक्तदाब चढतो, हृदयाचे काम वाढते. तरुणाला याचे काही वाटत नाही. ज्यांना उच्च रक्तदाब आहे, चालताना छातीत दाटते किंवा ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला आहे, त्यांनी थंड पाण्यात एकाएकी शिरणे धोक्याचे असते. उडी मारून शिरणे तर त्याहून वाईट. गार पाण्याचा स्पर्श होताच माणूस नकळत मोठा श्वास ओढतो. त्या क्षणी नाकतोंड पाण्याखाली असेल तर पाणी सरळ श्वासनलिकेत जाते. स्नायू गारठल्याने पोटऱ्यांत गोळे येतात ते वेगळेच.

मधुमेह्यांसाठी आणखी एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना व्यायामात साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो. तिची ओळखीची लक्षणे म्हणजे हातापायांची थरथर आणि घाम. पाण्यात घाम कळत नाही आणि थरथर थंडीची वाटते. शेजारी पोहणाराही "गारठलात वाटतं" म्हणून हसून पुढे जातो. उबदार पाण्यात निदान थरथर सुटली, की ती थंडीची नाही हे लगेच ओळखू येते. पोहण्यापूर्वी थोडे खाऊन जाणे, काठावर साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवणे आणि जीवरक्षकाला आपला आजार सांगून ठेवणे, ही तीन कामे कोणत्याही ऋतूत चुकवू नयेत.

मुलांचे गणित निराळे आहे. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, म्हणून ते मोठ्यांपेक्षा लवकर गारठते. पण खेळाच्या नादात तसे सांगत नाही. ओठ निळसर दिसले, हनुवटी थरथरू लागली, की त्याची विनवणी न ऐकता बाहेर काढून पुसावे. थंड पाण्याने सर्दी होते, ही आपल्या घराघरांतली समजूत खरी नाही; सर्दी विषाणूंनी होते. पण थंडीने कुडकुडणारे मूल पोहायला शिकत नाही, हे मात्र शंभर टक्के खरे आहे. ते अंग आखडून घेते, श्वास धरून ठेवते आणि पाण्याची भीती मनात घेऊन घरी येते. पोहता येणे ही जीव वाचवणारी विद्या आहे. ती शिकण्याचे चार महिने दरवर्षी वाया जाऊ देणे मला पटत नाही.

मग पाणी किती उबदार हवे? जलतरणाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी 25 ते 28 अंश सेल्सियस ही मर्यादा आहे. स्पर्धक जोरात पोहतो, त्याचे शरीर स्वतःच उष्णता निर्माण करते, त्यामुळे त्याला अधिक गरम पाणी नकोच असते. सांधेदुखी असलेल्यांना, हळूहळू हातपाय हलवणाऱ्यांना 28 ते 31 अंश सुखाचे. अगदी लहान मुलांना 30 च्या पुढे बरे वाटते. गर्भवतींनी 32 अंशांहून गरम पाण्यात व्यायाम करू नये. सगळ्यांचा मिळून एकच तलाव असेल, तर 28 ते 29 अंश ही तडजोड मला योग्य वाटते. "एवढा खर्च करतोय तर चांगले 33-34 करून घेऊ" असा आग्रह कुणी धरला, तर तो मोडून काढावा. त्याची कारणे पुढे येतीलच.

आता थोडे अंकगणित. समजा, आपला तलाव 12 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि सरासरी 1.2 मीटर खोल आहे. त्यात 86,400 लिटर पाणी मावते. हे सारे पाणी अवघा एक अंश तापवायला सुमारे 100 युनिट उष्णता लागते, म्हणजे आपल्या वीजबिलातला पहिला टप्पा जिथे संपतो तेवढी. सात अंश चढवायचे, तर 700 युनिट. साध्या विजेच्या हीटरने हे करू म्हणणाऱ्याला खजिनदार सभेतून उठवून लावील, आणि ते योग्यच होईल.

पण खरी गंमत पुढे आहे. तलावातली बहुतेक ऊब हवेला लागून जात नाही की जमिनीतही मुरत नाही. तिचा फार मोठा वाटा, सुमारे 70 टक्के, बाष्पीभवनाने उडून जातो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने आपला तलावही गारठतो. तलावावरून फक्त एक मिलिमीटर पाण्याचा थर वाफ होऊन गेला, की उरलेले पाणी जवळजवळ अर्धा अंश उतरते. कोरड्या, वाऱ्याच्या हवेत दिवसाकाठी चार मिलिमीटर गेले, तर दोन अंश गेले आणि सोबत 288 लिटर पाणीही गेले. महिन्याचा हिशेब केला तर साडेआठ हजार लिटरांच्या वर. टँकरचे पैसे मोजणाऱ्या सोसायट्यांना हा आकडा मी निराळा समजावून सांगायला नको.

म्हणून पहिला खर्च सौर यंत्रणेवर करू नये, आच्छादनावर करावा. पार्सलमध्ये नाजूक वस्तू गुंडाळायला फुग्याफुग्यांचे प्लॅस्टिक वापरतात ना, त्याच जातीची पण जाड आणि उन्हाला टिकणारी चादर तलावासाठी मिळते. पाण्यावर ती अंथरली, की वाफ जवळपास थांबते. पारदर्शक चादर असेल तर दिवसा ऊनही आत उतरते. तिला तलावाच्या कडेला गुंडाळण्यासाठी चाकांवरचा रूळ असतो. तो मात्र हवाच. चादर जड आणि ओली असते, दोन माणसांनाही हाताने आवरत नाही, आणि जे आवरत नाही ते चार दिवसांनी कोपऱ्यात पडून राहते, हा आपल्या सर्व सार्वजनिक सोयींचा अनुभव आहे.

या चादरीबाबत डॉक्टर म्हणून मला दोन गोष्टी अगदी ठामपणे सांगायच्या आहेत. पहिली जिवाची आहे. ही चादर कुणाचेही वजन पेलत नाही. मुलाला ती सतरंजीसारखी दिसते. त्याने पाय ठेवला, की चादर दुमडते, मूल खाली जाते आणि चादर पुन्हा वर सपाट होते. वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून तलावाभोवतीचे कुंपण आणि मुलांना न उघडता येणारे फाटक ही आच्छादनाची पूर्वअट समजावी. पाण्यात कोणीही उतरण्याआधी चादर संपूर्ण काढावी. "अर्धी राहू द्या, आम्ही या बाजूलाच पोहतो" हे चालणार नाही. बुडी मारून चादरीखाली आलेल्या माणसाला वर येण्याची वाट सापडत नाही. दुसरी गोष्ट डासांची. चादरीच्या सुरकुत्यांत, कडेच्या खाचांत स्वच्छ पाणी साठते. परतीच्या पावसानंतरचे हे दिवस डेंग्यूचे असतात आणि डेंग्यूच्या डासाला असेच थोडेसे, स्वच्छ, साचलेले पाणी लागते. रोज चादर काढली-घातली जात असेल तर हा धोका नाही. आठवडाभर ती तशीच पडून राहत असेल तर मात्र आहे.

आता सौर यंत्रणेकडे वळू. सौर म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्यांचा गीझर येतो. तलावासाठी तो लागत नाही. आंघोळीचे पाणी 60 अंशांपर्यंत तापवून टाकीत साठवायचे असते. तलावाचे पाणी हवेपेक्षा दोन-चार अंशांनीच काय ते तापवायचे. त्यासाठी बिनकाचेच्या, काळ्या प्लॅस्टिकच्या बारीक नळ्यांच्या चटया असतात. तलावाचे पाणी फिल्टरमधून निघून पंपाने गच्चीवर जाते, या चटयांतून फिरते आणि किंचित ऊब घेऊन तलावात परतते. तापमानातला फरक थोडा असल्याने वाटेत उष्णता फारशी वाया जात नाही. म्हणूनच ही साधी, स्वस्त चटई या कामात महागड्या नळ्यांना हार जात नाही. धातूच्या नळ्या, विशेषतः तांब्याच्या, इथे नकोत. क्लोरीनयुक्त पाणी तांब्याला खाते आणि ते तांबे पाण्यात उतरते.

परतीच्या नळाला हात लावून पाहणारे सभासद हमखास निराश होतात. "गरम तर काहीच लागत नाही, फसवलं आपल्याला!" असा आरडाओरडा मी स्वतः ऐकला आहे. पाणी वेगाने फिरत राहावे आणि प्रत्येक फेरीत दोन-तीन अंशांनीच तापावे, हेच बरोबर आहे. थोडे पाणी कढत करण्यापेक्षा पुष्कळ पाणी कोमट करण्यात उन्हाचा अधिक वाटा पदरात पडतो.

चटयांचे क्षेत्रफळ तलावाच्या पृष्ठभागाच्या निम्म्यापासून बरोबरीपर्यंत असावे. आपल्या उदाहरणात तलाव 72 चौरस मीटरांचा आहे. नोव्हेंबरात निरभ्र दिवशी पुण्याच्या गच्चीवर दर चौरस मीटरला सुमारे पाच युनिट ऊन पडते. त्यातले निम्मे पाण्यात उतरले असे धरले, तरी 72 चौरस मीटर चटयांतून 180 युनिट मिळतात, म्हणजे दिवसाला पावणेदोन अंशांहून थोडे अधिक. उघड्या तलावात ही सगळी कमाई रात्रीच्या वाफेत जाईल. झाकलेल्या तलावात ती साठत जाईल. आच्छादन आधी, असा हट्ट मी का धरतो, ते या आकड्यांवरून ध्यानात यावे. चटया दक्षिणेकडे तोंड करून, आपल्या अक्षांशाहून थोड्या अधिक कलत्या बसवाव्यात आणि त्यांच्यावर शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली पडू नये. गच्चीवर जागा आहे का, हा प्रश्न कंत्राटदार बोलावण्याआधीच सोडवावा. अर्धी गच्ची गीझरांनी आणि उरलेली वाळवणांनी व्यापलेली असते.

एक छोटे स्वयंचलित नियंत्रक मात्र आवर्जून घ्यावे. गच्ची तलावापेक्षा उबदार असेल तेव्हाच ते पाणी वर पाठवते आणि ठरवलेले तापमान गाठले, की थांबवते. ते नसेल आणि पहारेकऱ्याने रात्री पंप चालू ठेवला, तर याच चटया तलावाची ऊब आकाशाला वाटून टाकतील. (मे महिन्यात मुद्दाम तसे करून पाणी गार ठेवता येते, हा एक फायदाच.) ढगाळ दिवसांच्या सोयीसाठी हीट पंप हा पर्याय आहे, तो एका युनिट विजेत चार-पाच युनिट उष्णता देऊ शकतो. छोट्या सोसायटीला मात्र आधी उन्हावरच भागते का ते पाहावे असे मी म्हणेन. आणि घरगुती, हवा भरलेल्या मुलांच्या तलावात पाणी तापवायची सळई सोडणाऱ्या पालकांना हात जोडून विनंती आहे, की हे कधीही करू नका. पाण्यात विजेचा धक्का बसलेल्या मुलाला ओरडण्याइतकाही अवधी मिळत नाही. बादलीभर गरम पाणी आणून ओतावे, हाताने ढवळून पाहावे, मगच मुलाला बसवावे.

आता पथ्ये. उबदार पाणी आपल्याला सुखावते तसे जंतूंनाही. शिवाय पाणी जितके गरम, तितका क्लोरीन लवकर संपतो. थंडीत पोहणारे कमी, पाणी नितळ, म्हणून हिवाळ्यात क्लोरीनची मात्रा ढिली सोडण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. सौर उष्णता आल्यावर ही पद्धत घातक ठरेल. नोव्हेंबरात 28 अंशांवर ठेवलेला तलाव म्हणजे उन्हाळ्यातला तलाव. त्याची राखणही उन्हाळ्यासारखीच हवी. मुक्त क्लोरीन दशलक्ष भागांत 1 ते 3 भाग, पीएच 7.2 ते 7.8, दिवसातून किमान दोनदा तपासणी आणि ती वही तलावाच्या दाराशी सर्वांना दिसेल अशी. नोंद नसेल त्या दिवशी पाण्यात उतरू नका, मग ते कितीही कोमट असो.

केरळमध्ये 2024 साली मेंदूज्वर घडवणाऱ्या एका अमीबाने लहान मुलांचे बळी घेतले, तेव्हापासून अनेक पालक कोमट पाण्याचे नाव काढताच दचकतात. हा अमीबा उष्ण गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे शिरतो, हे खरे. पण तो वाढतो तो निर्जंतुक न केलेल्या पाण्यात. नेमाने क्लोरीन असलेल्या तलावात त्याला थारा नाही. नुसते पाणी उबदार आहे म्हणून घाबरू नये. उबदार आहे आणि क्लोरीन नाही, असे असेल तर जरूर घाबरावे. त्याहून नित्याच्या तक्रारी म्हणजे कानाचा दाह आणि अंगावर उठणारे पुरळ. कान कोरडे ठेवावेत, कापसाच्या काड्या मात्र घालू नयेत.

रात्रभर झाकलेल्या तलावाबाबत एक बारकावा आहे. घाम, लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जे वायू बनतात, ते एरवी हवेत निघून जातात. चादरीखाली ते कोंडतात. डोळे चुरचुरणे, खोकला येणे, दमा असलेल्याला धाप लागणे हे प्रताप त्यांचेच. तलावाचा उग्र वास हे स्वच्छतेचे लक्षण आहे, हा समज त्यामुळे चूक ठरतो. सकाळी चादर काढल्यावर अर्धा-पाऊण तास पंप चालवून मगच लोकांना आत सोडावे. आणि पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाने साबण लावून अंघोळ करावी. त्या अंघोळीसाठी सौर टाकीतले गरम पाणी असेल, तर टाकीचे तापमान 60 अंशांखाली ठेवू नये आणि बरेच दिवस न वापरलेला शॉवर आधी काही मिनिटे वाहू द्यावा. साचलेल्या कोमट पाण्यात फुप्फुसांना बाधणारे जंतू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून ते श्वासात जातात.

यावर कुणी म्हणेल, एवढा व्याप कशाला, बंदच ठेवू. त्यांच्यासाठी एवढेच, की भरलेला पण बंद तलाव हा काही बिनखर्चाचा आणि बिनधोक नसतो. जीवरक्षकाला सुट्टी दिलेली असते, फाटकाचे कुलूप कधीतरी उघडे राहते आणि हिरव्या पाण्यात तळ दिसत नाही. बंद ठेवायचाच असेल तरी पाणी नितळ आणि फाटक कडेकोट ठेवावेच लागते. जो खर्च टळत नाही, तो करून तलाव वापरावा असे मला वाटते.

यंत्रणा बसेपर्यंत, किंवा ती कधीच बसणार नसेल तर, एक उपाय आजपासून करता येतो. त्याला एक पैही लागत नाही. ज्येष्ठांची सकाळी सहाची वेळ बदला. पहाटे पाणी आणि हवा दोन्ही दिवसातली सर्वांत थंड असतात. दुपारी चारच्या सुमारास पाणी सर्वांत उबदार असते. सहाची सवय तीस वर्षांची आहे, हे मला ठाऊक आहे. चहाची वेळ पुढे ढकला, जमेल. पाण्यात पायऱ्यांवरून हळूहळू उतरावे, आधी पाय, मग हात, मग मान भिजवावी. बाहेर येताना त्याहून जास्त जपावे. कोमट पाण्यात रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात आणि पाण्याचा अंगावरचा दाब एकदम निघून जातो, त्यामुळे रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना भोवळ येऊ शकते. कठड्याला धरून मिनिटभर थांबावे. पंचा काठावरच हवा, कपड्यांच्या खोलीत नव्हे. ओल्या अंगाला वारा लागला, की दहा पावलांत तुम्ही कुडकुडता. हृदयविकाराचा झटका किंवा शस्त्रक्रिया होऊन फार दिवस झाले नसतील, पायाला जखम असेल, फीट येण्याचा त्रास असेल, तर पाणी कसेही असले तरी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. जुलाब होत असलेल्या मुलाला तर बरे झाल्यावरही काही दिवस तलावापासून दूर ठेवावे. काही जंतू क्लोरीनलाही दाद देत नाहीत.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा कोजागरी तोंडावर आलेली असेल आणि तलावाचे पाणी अजून 27-28 अंशांवर असेल. आच्छादन आताच घालायला हवे. असलेली ऊब राखणे सोपे असते. डिसेंबरात 21 वर गेलेले पाणी परत वर आणायला वर सांगितलेले 700 युनिट आणि अनेक दिवसांचे ऊन खर्ची पडते. आमसभेत विषय मांडण्यापूर्वी एक साधा तरंगता तापमापक आणून दोरीने पाण्यात हातभर खाली सोडा, पंधरा दिवस सकाळी सहा आणि दुपारी चारचे आकडे टिपून ठेवा आणि तेवढा एक कागद घेऊन सभेला जा. तलावाची लांबी, रुंदी आणि खोली त्याच कागदावर लिहिलेली असू द्या.